व्याह्यांचा आगाऊ चहा

बीड जिल्ह्यात मागे कुत्रं लागलेलं नसताना पळणारा पहिला माणूस म्हणजे आमचे व्याही, हे मी कुठल्याही पारावर उभं राहून सांगायला तयार आहे. आमच्याकडे माणूस पळतो तो गाडी सुटते म्हणून, गुरं पिकात शिरली म्हणून, नाहीतर कुणाचं काही वाईट कळलं म्हणून. व्याही यातलं एकही कारण नसताना पळतात. साठीला टेकलेला, पोट पुढे आणि केस मागे गेलेला हा गृहस्थ पहाटे अर्ध्या चड्डीत धारूरच्या रस्त्यावर उतरतो आणि बालाघाटाचा डोंगर बापजाद्यांच्या वाटणीत आल्यासारखा खालीवर करतो. बरं, पळायचं तर पळावं, जगात लोक काय काय करतात. पण ते पाटोद्याला सुखाने राहणाऱ्या मलाही पळवतात. माझी मुलगी त्यांच्या घरात दिलेली आहे, आणि मुलीच्या बापाच्या तोंडातला "नाही" हा शब्द लग्नाच्या मांडवातच काढून घेतलेला असतो. "पाव्हणं, उठलाव का?" असा त्यांचा फोन आला की मी पांघरुणातूनच "कवाच!" म्हणतो, आणि पहिल्या गाडीने निघून, बीडला गाडी बदलून, अर्धा दिवस धक्के खात धारूरला पोचतो. कशासाठी? तर दुपारच्या फेरीला त्यांच्या मागे त्यांच्याच मोटारसायकलवरून कोरड्या बनियनची पिशवी धरून फिरण्यासाठी.

व्याही एसटीत कंडक्टर होते. उभा जन्म त्यांनी घाटातल्या गाड्यांवर काढला, त्यामुळे तिथलं प्रत्येक वळण, प्रत्येक वस्ती आणि प्रत्येक वस्तीवरची भांडणं त्यांना तोंडपाठ. नोकरी सुटली, पण सवयी सुटल्या नाहीत. पळायला सुरुवात करताना ते तोंडाने "टिंग टिंग" म्हणतात. त्याशिवाय पायच हलत नाही. थांबा आला की वेग आपोआप कमी होतो, ते डावीकडे बघतात, कुणी चढणारं नाही याची खात्री करून घेतात, आणि मग पुन्हा टिंग टिंग. एकदा मी मोटारसायकल त्यांच्या जरा जास्तच जवळ नेली, तर मागे न बघता म्हणाले, "दारात उभं राहू नका, आत सरका." आत म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. मुलीच्या बापाने विचारायचं नसतं.

तर हे सगळं पळणं एका शर्यतीसाठी. बाहेरच्या काही हौशी मंडळींनी आमच्या घाटात बेचाळीस किलोमीटरची डोंगरातली मॅरेथॉन सुरू केली, आणि तीही ऐन पावसाळ्यात, कारण तेव्हा म्हणे डोंगर हिरवा दिसतो. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तो तपकिरी बघितला, आमचं काही अडलं नव्हतं. धुकं, निसरडा उतार, वाऱ्याने छत्री उलटी होणारी खिंड, हे सगळं सोसून दुपारी दोनच्या आत परत यायचं. सगळ्यांच्या मागून येणारी गाडी थकलेल्यांना वाटेतच गोळा करून आणते. आता खराब हवामानाचा सराव करायचा तर हवामान खराब पाहिजे, आणि जून तर कोरडाठाक गेला. व्याह्यांनी उपाय काढला. शेजारच्या रानात कोथिंबिरीवर तुषारसंच चालू होता. त्या फवाऱ्याखाली ते वाफ्यांच्या कडेकडेने गोल गोल पळत राहिले. रानमालक धावत आला, "कंडक्टरसाहेब, काय झालं हो?" व्याही न थांबता म्हणाले, "खराब हवामान चालू हाय. मधी येऊ नका." मग खरा पाऊस आला, आणि यंदा तो नव्या जावयासारखा आला, आला तो हलायचं नावच घेईना. व्याह्यांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. शर्यतवाल्या मंडळींनी सुचवलेला तलम रेनकोट बाजूला ठेवून त्यांनी खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेतली. काळ्या रानात पळून एकेका बुटाला शेरभर माती चिकटवून आणली, आणि वर हुलग्याचं माडगं ओरपलं. विहीणबाई माझ्याजवळ रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "भाऊ, ह्यांच्या चड्ड्या वाळवायला चुलीवर दोरी बांधलीय. भाकरीला चड्डीचा वास यायलाय." मी ती भाकरी खाल्ली.

गेल्या वर्षी व्याही हीच शर्यत पळाले होते. पळाले म्हणजे निघाले. पहिल्याच वस्तीवर ओट्यावरून हाक आली, "कंडक्टरसाहेब, पळत कुटं? कोन गेलं?"

"कोनी न्हाई. शर्यत हाय."

"मग बसा की. चहा घेऊन जावा."

तुम्ही म्हणाल, हात हलवून पुढे जावं. तसं आमच्याकडे चालत नाही. दारावरून जाणाऱ्याला हाक मारली आणि तो थांबला नाही, तर त्याचा एकच अर्थ होतो: ह्याने आपल्याशी बोलणं सोडलं. पुढे घरातल्या लग्नाला तो माणूस येत नाही आणि मयतीला आला तरी लांब उभा राहतो. शिवाय व्याह्यांनी ज्यांना आयुष्यभर डोळे झाकून सुट्टे पैसे परत केले, ज्यांची बाळंतपणं गाडी थांबवून निभावली, अशी ती सगळी माणसं. व्याही थांबले. पुढच्या वस्तीवर थांबले. त्याच्या पुढे पोहे झाले, आणि त्याच्याही पुढे बांधावरून हातघाईवर आलेल्या दोघा भावांचं भांडण त्यांनी खोळ पिळत पिळत मिटवलं. शेवटी दुपार कलल्यावर मागच्या गाडीतून, मांडीवर पेरूंची पिशवी घेऊन ते परत आले.

त्या दिवशी सगळ्या पाहुण्यांदेखत विहीणबाईंनी सुनावलं. "पुढच्या साली गाडीत बसून आलाव तर पळनं बंद. कायमचं. द्या शब्द." व्याह्यांनी शब्द दिला, आणि साक्षीला मी होतो. नंतर मला गाडीवर बसवून देताना हा एरवी घाटभर आवाज जाणारा माणूस खालच्या आवाजात म्हणाला, "पाव्हणं, हे सुटलं तर मी करू काय? पेपर नऊला संपतो. घाटात जायला दुसरं निमित्त न्हाई माझ्याजवळ." मला क्षणभर वाईट वाटलं. गाडी सुटताच ते पुसलं गेलं, कारण खिडकीखालून ओरडून त्यांनी मला पुढच्या रविवारी परत बोलावलं.

यंदाच्या तयारीतला सगळ्यात अवघड भाग हा की पाय तयार होते, पण चहाचं काय करायचं? व्याह्यांनी तोड काढली ती अशी, की शर्यतीच्या दिवशीचा चहा आधीच पिऊन टाकायचा. आगाऊ. वाटेवरच्या प्रत्येक घरी जायचं, बसायचं, चहा घ्यायचा आणि शब्द घ्यायचा, की त्या दिवशी मला हाक मारायची नाही. हा प्रस्ताव ऐकून पहिल्याच घरचा म्हातारा उठून उभा राहिला. "कावून? आमचं काय चुकलं?" त्याला समजावण्यात पहिला चहा थंड झाला, म्हणून दुसरा आला. राग नाही हे पटवून द्यायला तिसरा घ्यावा लागला. प्रत्येक घरी हेच. "नुसतं बगितलं तर चालतंय का?" "न्हाई. तुमी बगितलं की माझा पाय थांबतो. तोंड फिरवा." एका निवृत्त गुरुजींनी विचारलं, "निदान जयभीम तरी घालावा का न्हाई?" व्याही म्हणाले, "मनात घाला."

आणि या सगळ्या मोहिमेत मी कशाला? तर चार माणसांत शब्द घ्यायचा तर साक्षीदार पाहिजे, आणि मीही त्यांचा व्याहीच, व्याह्यासारखा साक्षीदार नाही. पण व्याही पहिल्यांदा दारात आला की त्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. मला घरोघरी टॉवेल, टोपी आणि नारळ. दर रविवारी मी पाटोद्याला उतरायचो तो फेरीवाल्यासारखा. आमची ही एकदा कपाट उघडून म्हणाली, "दुकान टाकताव का काय?" ॲसिडिटीच्या गोळ्या मी खिशातच ठेवायला लागलो. व्याह्यांना काही होत नव्हतं. शेवटच्या उताराच्या अलीकडे, ओढ्यावरच्या मोरीला लागून त्यांची आत्या राहते. ऐंशीच्या पुढची, एकटी. ती ऐकेचना. "आरं सोन्या, दारावरनं तू जाणार आन मी गप बसू? मेले का मी?" व्याह्यांनी तिचे पाय धरले. तिने बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि शेवटी म्हणाली, "बरं. न्हाई मारत."

शर्यतीच्या दिवशी आभाळ फाटलं होतं. मला त्या मोरीजवळच्या वळणावर उभं केलेलं, हातात छत्री आणि पिशवी. मलाही अर्थातच तोच कायदा होता: बनियन पुढे करायचं, बोलायचं नाही. छत्री केव्हाच उलटी झाली होती. धुक्यातून रंगीबेरंगी कपड्यांतली तरणी पोरं घसरत, हसत पुढे जात होती. नंतर तीही यायची थांबली. आत्याचं दार बंद. पलीकडच्या गोठ्यापाशी दोन माणसं भिंतीकडे तोंड करून उभी होती, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. बराच वेळ नुसता पाऊस. आणि मग धुक्यात ती खताची खोळ दिसली.

व्याही लंगडत होते. एक गुडघा चिखलाने माखलेला, कुठेतरी सपशेल पडलेले दिसत होते. पण ते मोरीपर्यंत आले, आत्याच्या दाराकडे त्यांनी बघितलं, त्या गोठ्यापाशी पाठ करून उभ्या असलेल्या माणसांकडे बघितलं, आणि हळूहळू मोरीच्या कठड्यावर बसले. मी बनियन पुढे केलं. घेतलं नाही. तेवढ्यात वरच्या वळणावर दिवे लागलेली गाडी उतरताना दिसली. ती आली, थांबली, आतल्या शर्यतवाल्या पोरीने मायेनेच काच खाली करून विचारलं, "काका, बसता का?" व्याह्यांनी गाडीच्या दाराकडे अशा नजरेने बघितलं, की मला माझ्या डोळ्यांपुढे तो नऊला संपणारा पेपर दिसला.

मुलीच्या लग्नापासून या माणसाशी मी "हो", "बरोबर" आणि "तुम्ही म्हणाल तसं" याखेरीज काही बोललेलो नाही. कुठून आलं मला माहीत नाही, पण मी ओरडलो. "उठा! उठा म्हनतो ना! बसायला आलाव का इथं? तुमच्यापायी मी पोटाची माती केली, रविवार घालवले, आन तुमी बसताव? व्हा पुढं!" मुलीच्या बापाने मुलाच्या बापावर असं तोंड टाकल्याचं आमच्या भावकीत कुणी ऐकलेलं नाही. गोठ्यापाशी उभ्या माणसांनीही भिंत सोडून माझ्याकडे बघितलं. व्याही आ वासून उभेच राहिले. आणि उभे राहिलेच आहेत म्हटल्यावर पळायला लागले. मी त्यांच्या मागून ओरडत, घसरत, पार खालपर्यंत गेलो. घड्याळात दोन वाजायला थोडा अवधी असताना ते पोचले. गळ्यात पदक पडलं. विहीणबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "किती भिजलाव." एवढंच. पण त्यात पळण्याची परवानगी होती, हे सगळ्यांना कळलं.

मला वाटलं आता आठवडाभर हे पराक्रम ऐकावे लागणार. पण घरी जाताना टेम्पोत व्याह्यांनी पदक काढून पिशवीत टाकलं. म्हणाले, "एकानंबी हाक मारली न्हाई, पाव्हणं. परक्या मुलखातून गेल्यावानी वाटलं."

"अहो, तुमीच शब्द घेतलाता की."

"घेतलता," ते म्हणाले. "पन एकाद्यानं मोडायचा की."

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा निघालो. शब्द परत करायला. मुलीचा बाप म्हणून मी गेलो, असं मी घरी सांगितलं. पुन्हा तेच ओटे, तेच चहा. पण या वेळी माणसं जरा दबकून बोलत होती, काहीतरी चोरून केल्यासारखी. सगळ्यात शेवटी आत्याकडे. तिने चहा बशीत ओतून दिला आणि भिंतीला टेकून बसली. "मी दाराआडच हुते रं," ती म्हणाली. "तुझ्या पायाचा आवाज आला. तू थांबलास, तेबी कळलं. तोंडावर पदर दाबून धरला, तवा कुटं हाक आत ऱ्हायली." व्याही बशीवर फुंकर मारत राहिले. चहा केव्हाच गार झाला होता.

आम्ही निरोप घेऊन उठलो. रस्त्यावर येऊन बरंच पुढे गेलो होतो, पाऊस पुन्हा भुरभुरायला लागला होता, माझी बीडची गाडी चुकणार हे दिसत होतं. आणि मागून, त्या दारातून, म्हातारीचा चिरका आवाज आला, "आरं, थांब की! अजून घोटभर घेऊन जा!"

व्याही थांबले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सुजलेला गुडघा घेऊन ते वळले आणि चिखलातून परत पळत सुटले. इतक्या जोरात पळताना मी त्यांना शर्यतीतही पाहिलं नव्हतं.