वड्यावाल्या बाईंचं कोरडं अंगण

बोलण्याआधी बाई बोट फिरवायच्या. दाराची चौकट असो, किराणा दुकानातला तराजू असो, नाहीतर बाहेर उभ्या असलेल्या ऑटोचं टप असो. उजव्या हाताचं बोट त्यावरून ओढायचं आणि काळं झालं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे धरायचं.

"याचा धनी कोन?"

मग त्या ते बोट पदराला न पुसता तसंच ठेवायच्या आणि म्हणायच्या, "कोनी घेऊन नाई राह्यलं. मंग राहू दे माह्यापाशीच."

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. आपण त्याला हसतो आणि ते निघून गेल्यावर हळूच आपलं बोट फिरवून पाहतो. मी पाहायची. म्हणून मला त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटतं. नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि लिहिणं म्हणजे परीक्षेचा पेपर, एवढंच मला माहीत आहे.

आमची वस्ती भद्रावतीहून चंद्रपूरला जाताना लागते. एका अंगाला कोळशाच्या ट्रकांचा रस्ता, दुसऱ्या अंगाला लोखंडाचा कारखाना. बाईंचं घर आमच्या अगदी समोर. नवरा गेल्यापासून त्या मुगाच्या वड्या घालून विकत. गल्लीत स्लॅबचं छत एकट्या त्यांच्याच घराला होतं, आणि उन्हाळ्यात त्या छतावर पिवळ्या वड्यांच्या ओळी बाजेवरच्या नक्षीसारख्या दिसत. दुपारपर्यंत त्या ओळी करड्या होत आणि संध्याकाळपर्यंत काळ्या.

आमच्याकडे वड्या धुऊन, कापडावर कोरड्या करून मगच तळतात. हे मी एकदा कॉलेजातल्या मैत्रिणीला सांगितलं. ती आलापल्लीची, सागाच्या जंगलातली. ती म्हणाली, "वड्या धुता? काऊन?" तोवर मला वाटायचं, सगळं जगच वड्या धुतं.

बाईंनी साड्यांची झाकणं करून पाहिली. झाकल्या की वड्या नीट वाळत नसत, आंबूस होत. उघड्या ठेवल्या तर दाताखाली किरकिर लागे. दुकानदार माल परत करू लागले. दुसरं काही काम त्यांना येत नव्हतं आणि खोकल्यामुळे मजुरीला जाणंही होत नव्हतं. धूळ थांबली नाही तर इथलं घर सोडावं लागेल, हे त्यांना कळलं होतं.

एकदा त्या वड्यांची पिशवी घेऊन राज्याच्या प्रदूषणाच्या कार्यालयात गेल्या. सोबत मी. साहेबांच्या टेबलावर त्यांनी रुमाल पसरला, त्यावर वड्या ओतल्या, आणि बोट फिरवून नेहमीचा प्रश्न विचारला. साहेब चिडले नाहीत. हवेत किती धूळ चालेल ती मर्यादा केंद्र ठरवतं, आम्ही फक्त पाहतो, असं त्यांनी शांतपणे समजावलं.

"पाहता ना?" बाई म्हणाल्या. "मंग पाहा." आणि वड्या त्यांच्याकडे सरकवल्या.

साहेबांनी शिपायाला हाक मारून टेबल पुसायला सांगितलं.

घरी परतताना एस.टी.त त्यांनी मला विचारलं, मर्यादा दिल्लीवाले ठरवतात तर मग हे इथले कोण? मी पुस्तकात वाचलं होतं तसं सांगितलं. नियम दिल्लीचा, पण तो पाळायला लावायचं काम दिल्लीने राज्याला सोपवलेलं आहे.

"म्हंजे भाकर थापनारा तिकडं, वाढनारा मुंबईत, आन् उपाशी आमी इथी," त्या म्हणाल्या. "तू दिल्लीलेच लिव्ह, पोरी. नोकरायशी बोलून फायदा नाई."

मी अर्ज लिहिला. गल्लीतल्या अर्ध्या घरांची भाकर कारखान्यातून येते, त्यामुळे सही करायला दुसरं कोणी पुढे आलं नाही. माझे वडीलही कोळशाच्या रेल्वे साइडिंगवर वॅगनी भरायला जातात. त्यांनी मला अडवलं नाही, पण त्या संध्याकाळी ते माझ्याशी बोललेही नाहीत. अर्जाखाली एकट्या बाईंची सही होती, प्रत्येक अक्षर वडीसारखं सुटं सुटं घातलेलं.

अर्ज दिल्लीला गेला. दिल्लीने तो मुंबईला पाठवला आणि मुंबईने इथल्या त्याच कार्यालयाला. ज्या टेबलावरून वड्या पुसल्या गेल्या होत्या, त्याच टेबलावर तो येऊन पडला. मग त्याच साहेबांचा फोन आला. तुमच्या छतावर यंत्र लावून हवा तपासतो, अमुक दिवशी येतो. कारखान्यालाही तो दिवस कळवलेला होता, हे नंतर समजलं.

माझी त्या दिवशी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. सकाळी निघताना पाहिलं तर बाईंनी नवी साडी नेसली होती. साहेब घरी येणार म्हणजे पाहुणे येणार. रोज त्या फक्त आपल्या दारापुढे सडा घालत. त्या दिवशी त्यांनी गल्लीतल्या सगळ्या बायांना उठवलं होतं. शेण कालवून झालं होतं, रांगोळीची वाटी तयार होती. मी घाईत हात हलवला आणि बस पकडली.

संध्याकाळी आले तर आख्खी गल्ली ओली. नाक्यापासून बाईंच्या दारापर्यंत एक कणही उडत नव्हता. आई म्हणाली, दुपारी दोनदा पुन्हा शिंपडलं. यंत्र उद्या सकाळपर्यंत छतावर राहणार, तेही पाहुणंच, त्याला धुळीत कसं ठेवायचं, असं बाईंनी सगळ्यांना सांगितलं होतं. बाहेरच्या रस्त्यावर कारखान्याचा टँकरही पाणी मारून गेला होता, मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदाच. धुराड्यातून नुसती एक फिकट रेघ निघत होती. आणि वर छतावर ते यंत्र घुंघुं करत ती धुतलेली हवा ओढत होतं.

बाई खुशीत होत्या. साहेबांनी चहा घेतला होता, वड्यांची भाजी खाल्ली होती आणि "फार स्वच्छ ठेवता तुम्ही" असं म्हणून गेले होते.

इथे मला राग आवरत नाही, तो मी लपवणार नाही. बाईंना माहीत नव्हतं की त्या यंत्रातला गाळणीचा कागद हवेतली धूळ मोजतो आणि पाण्याने धूळ खाली बसते. पण साहेबांना माहीत होतं. आई सांगते, ओल्या शेणातून बूट वाचवत, पाय उचलून उचलून ते आत आले. ज्या सड्यातून ते चालले, त्यामुळे मोजणी फुकट जाणार हे त्यांना शिकवलेलं आहे, त्याचाच त्यांना पगार आहे. एका शब्दाने सांगितलं असतं तरी चाललं असतं. बाई, आज नका शिंपडू. त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी भाजी खाल्ली.

अहवाल आला. धूळ मर्यादेत आहे, तक्रारीत तथ्य नाही. वर मुंबईला तसं कळवलं, मुंबईने दिल्लीला. सगळीकडे काम झालं.

मी बाईंना सगळं समजावून सांगितलं. त्या जात्याशेजारी बसल्या होत्या. ऐकत राहिल्या. चूक कळल्यावर माणूस रडतं किंवा शिव्या देतं. त्यांनी फक्त विचारलं, "त्यायले मालूम होतं?"

मी मान डोलावली.

"आन् चाय पेऊन गेला," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी सडा बंद केला. फेरतपासणीचा अर्ज मी पुन्हा दिल्लीला पाठवला होता, आणि यंत्र कधी येईल याचा नेम नव्हता. "सांगून येतीन का न सांगून, आपुन काय जानतो? कोरडंच राहू दे." ज्या बाईने आयुष्यात कधी दारापुढे बिनशिंपडल्या जमिनीवर पाय ठेवला नव्हता, तिचं अंगण आता भुरकट पडलं. सण आले. पोळ्याला बैल दारापुढून गेले तेव्हा त्यांच्या खुरांमागे काळा लोट उठला. बायका टोमणे मारत. नाक्यावरची एक म्हणाली, "काऊन बाई, सुतक हाय का घरी?"

"हाय ना," बाई म्हणाल्या. "सरकार मेलं."

गल्ली हसली. बाई हसल्या नाहीत, त्यांना खोकला आला.

दुसरा अर्जही दिल्लीहून मुंबईला आणि मुंबईहून त्याच टेबलावर आला. या वेळी यंत्र आलं नाही. या ठिकाणची तपासणी आधीच झालेली आहे, एवढं दोन ओळींचं उत्तर आलं. मी ते वाचून दाखवलं, तरी बाईंनी सडा घातला नाही. त्या वाट पाहत राहिल्या. वड्या घ्यायला कोणी येईना. शेवटी चामोर्शीकडून त्यांचा भाऊ आला आणि त्यांना घेऊन गेला. निघताना त्यांनी दाराच्या कडीवरून बोट ओढलं, पाहिलं, आणि या वेळी कोणाला काही विचारलं नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या भाच्याने आमच्याकडे एक पुडी आणून दिली. मुगाच्या वड्या. इतक्या पिवळ्या वड्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. मला आधी वाटलं, हळद जास्त झाली. भाचा म्हणाला, "आत्याची तब्येत बरी हाय. पन तिकडं तिले कोनी ओळखत नाई. विकत नाई आता."

आईने सवयीने पातेल्यात पाणी घेतलं आणि वड्या त्यात बुडवून काढल्या. पाणी जसं होतं तसंच राहिलं. तळ दिसत होता. आई पातेल्यात बघत उभी राहिली. मग ते पाणी शिंपडायला ती दारापुढे गेली, रोज जाते तशी.

मी तिचा हात धरला. "नको आई. कोरडंच राहू दे."

पातेलं तिने तिथेच पायरीवर ठेवलं आणि आत गेली. समोर बाईंच्या दाराला कुलूप होतं. संध्याकाळी मी पातेलं उचलायला गेले, तेव्हा त्या पाण्यावर काळी साय धरली होती.