आबांचे खिळे

आबांच्या समोर बसून काही लिहायची सोय नव्हती. टेबलाच्या पलीकडून ते कागद उलटा वाचत, आणि आपलं लिहून व्हायच्या आत वाचून संपवत. गिऱ्हाईक लग्नपत्रिकेचा मजकूर खरडत असायचं आणि आबा समोरून सांगायचे, "तिसऱ्या वळीत मामाचं नाव ऱ्हायलं बगा. मांडवात भांडनं हुतील." गिऱ्हाईक दचकून कागद पोटाशी धरायचं. आबांचं उभं आयुष्य छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यात गेलेलं. खिळ्यावर अक्षर उलटंच असतं, त्यामुळे सुलट कागद ही त्यांच्या दृष्टीनं शिकाऊ लोकांसाठी केलेली सवलत होती.

मी नेवाशाच्या त्या छापखान्यात संगणकांची देखभाल करायला लागले, तेव्हा खिळ्यांची छपाई बंद पडून बराच काळ लोटला होता. धाकट्या मालकांनी संगणक आणले आणि सगळं शिसं वजनावर भंगारात घातलं. आबांना मात्र ठेवून घेतलं, कारण तालुक्यातलं निम्मं गिऱ्हाईक "आबा हायेत का?" असं विचारतच पायरी चढायचं. भंगारवाल्याचा टेम्पो यायच्या दिवशी आबांनी मालकांकडे एकच गोष्ट मागितली होती, अर्धा तास. त्या अर्ध्या तासात त्यांनी मोठ्या मापाच्या अक्षरांतला एकेक खिळा ओळीनं लावला, शाई फिरवली आणि एका कागदावर शेवटचा छाप काढला. तो कागद त्यांच्या पत्र्याच्या पेटीत असे. मला दाखवला तेव्हा आधी हात धुऊन यायला लावलं.

"येकदा इतळली ही अक्षरं," ते म्हणाले. "पुन्यांदा इतळू द्यायची न्हाईत."

हे बोलताना त्यांच्या आवाजात नेहमीची चेष्टा नव्हती. म्हणून मीच म्हटलं, यांचा फॉन्ट करू. वर्षभर आम्ही त्या कागदाला चिकटून बसलो. मी पडद्यावर रेषा ओढायची आणि आबांनी चष्मा कपाळावर सारून निकाल द्यायचा. "ह्या भचं पोट सुटलंय." "हा उकार म्हंजी शेपूट तुटल्यालं मांजर." फॉन्ट तयार झाल्यावर मी त्याला त्यांचं नाव द्यायचं सुचवलं, तर चिडले. खिळ्याला का कुणी नाव देतं, खिळा म्हणजे खिळा. मग त्याचं नाव 'खिळा' असंच ठेवलं.

कुठलाही फॉन्ट तपासायचं आबांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "कृष्णा म्हशीच्या पाठीवर दुसऱ्या ज्ञानूची काळी छत्री." यातली जोडाक्षरं नीट उमटली की फॉन्ट पास. मी एकदा विचारलं, "आबा, पहिल्या ज्ञानूचं काय झालं?" ते गंभीरपणे म्हणाले, "त्यो बिनछत्रीचा गेला. म्हनून तर दुसऱ्यानं घेतली."

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन यायचं आणि पेनड्राइव्हमधून जगातले सगळे व्हायरस. दोनदा सगळी कामं वाहून गेल्यावर मी मोठ्या संगणकावर लिनक्स बसवलं आणि त्याच्या पोटात वेगवेगळी यंत्रं केली. म्हणजे डबा एकच, पण आतली यंत्रं एकमेकांपासून तोडलेली. एक फक्त लोकांचे पेनड्राइव्ह उघडायला, एक बँकेला, एक आबांच्या जुळणीला. ही सगळी यंत्रं एकाच साच्यातून निघालेली. मी आबांना समजावलं, "संध्याकाळी यंत्र बंद केलं की तुमच्या स्वतःच्या खणातलं, म्हणजे तुमच्या फोल्डरमधलं, तेवढं राहतं. बाकीचं सगळं पुसलं जातं आणि सकाळी यंत्र पुन्हा साच्यासारखं कोरं होतं. व्हायरस आला तरी रात्री मरतो." आबांनी इतक्या समाधानानं मान हलवली की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

त्यानंतर आबा सकाळी सातला यायला लागले. आम्ही सगळे दहाला. शिपायाकडून कळायचं की आबा एकटेच यंत्रासमोर बसून काहीतरी करतात आणि मग चहा मागवतात. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, घरी करमत नसेल. कुणी म्हणालं, यंत्राची पूजा करत असतील. आम्ही हसून सोडून दिलं.

आठेक महिन्यांनी आबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि ते जामखेडला मुलीकडे गेले. जाताना एक काम पुरं करून गेले होते. मूळच्या नेवाशाच्या एक बाई राजूरला शिक्षिका होत्या. तिथल्या बायकांच्या गटानं रानभाज्यांची पुस्तिका लिहिली होती, ती त्यांनी आमच्याकडे छापायला आणली. गटातल्या बायकांनी बाईंना बजावलं होतं की अक्षर मोठं आणि ठसठशीत पाहिजे, आमच्या म्हाताऱ्यांना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. आबांनी सगळी पुस्तिका 'खिळ्या'त लावली होती. बावन्न पानं. ती ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी छपाईला जायची होती, कारण दोन दिवसांनी मेळावा होता.

त्या दिवशी सकाळी दहाला मी पुस्तिका उघडली, तर ती तिऱ्हाइताच्या अक्षरांत. बारीक, मिळमिळीत. भाज्यांची नावं चित्रांवर चढलेली, पानं एकसष्ट झालेली. फॉन्टच्या यादीत 'खिळा' नव्हताच. आबांचं वाक्य आठवलं, पुन्यांदा इतळू द्यायची न्हाईत. मी फोन लावला.

"आबा, खिळा गेला."

"गेला? त्यो रोजच जातो की."

"रोज म्हणजे?"

"पोरी, तूच तर सांगितलं व्हतं, सांजच्याला यंत्र समदं पुसून कोरं हुतं म्हनून. छापखान्यात बी तसंच असायचं. छापून झालं की जुळनी मोडायची, खिळे सुटे करून लाकडी पेटीत ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे, सकाळी पुन्हा जुळवायचे. मी सातला येतो, तू दिल्याल्या पेनड्राइव्हवरनं चौदा फॉन्ट भरतो, मंग च्या घेतो." वर म्हणाले, "शिस्तीचं यंत्र हाय तुजं. आमच्या टायमाला ह्ये काम आमालाच करावं लागायचं."

मला हसू आवरेना. आठ महिने, रोज सकाळी, चौदा फॉन्ट. "अहो, मग स्वतःच्या खणात का नाही ठेवले? तिथे राहिले असते."

आबांचा आवाज कडक झाला. "सोताच्या खनात खिळे ठिवनारा कंपोझिटर चोर असतो. अक्षरं समद्यांची. ती समद्यांच्या जागी ठिवायची. ती जागा तूच दावली व्हती मला."

दाखवली होती खरी. सगळ्यांसाठी फॉन्ट ठेवायचा फोल्डर मी त्यांना दाखवला होता, पण त्यांच्या यंत्रातला. तो साच्यातला भरायचा असतो, हे सांगायचं मीच विसरले होते. हसू एकदम थांबलं. माझ्या एका विसरलेल्या वाक्यापायी हा माणूस मोतीबिंदूचे डोळे बारीक करून रोज पहाटेचा उठून येत होता, आणि वर माझ्या यंत्राचं कौतुक करत होता. मला लाज वाटली.

फॉन्टच्या फाइली माझ्याकडे होत्याच. मी साचा उघडला, त्याच्या त्या फोल्डरमध्ये चौदाही फॉन्ट टाकले, त्याला यादी नव्यानं वाचायला लावली आणि साचा बंद केला. मग आतली यंत्रं एकेक करून बंद केली आणि पुन्हा उघडली. पंधरा मिनिटांचं काम. पुस्तिका बावन्न पानांवर आली. बँकेच्या यंत्रातसुद्धा 'खिळा' दिसायला लागला, जिथे त्याचं काही काम नव्हतं.

महिन्यानं आबा परतले, ते सवयीनं सकाळी सातलाच. त्या दिवशी मीही सातला गेले होते. त्यांनी यंत्र सुरू केलं आणि भरायला हात पुढे केला, तर फॉन्ट आधीच तिथे. मी साचा, त्यातून निघणारी यंत्रं, सगळं पुन्हा सांगितलं. ते मध्येच थांबवून म्हणाले, "म्हंजी मातृका की." शिशाचा खिळा ज्या साच्यात ओततात, त्याला त्यांच्या धंद्यात मातृका म्हणत. "खिळा कवाबी मोडतो. मातृका ऱ्हायली म्हंजी झालं. मंग आदीच न्हाई का सांगायचं, यंत्राला मातृका हाय म्हनून?"

मी माफी मागितली. ते ऐकतच नव्हते. रिकामे हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "ऱ्हातील आता. पर मग मी सकाळी येऊन काय करू?"

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. आबांनीच सवयीनं ती म्हैस आणि छत्री टाइप केली. नव्या डोळ्यांनी वाचली. आणि त्यांचा चेहरा उजळला. "आरारा. किती चुका ठिवल्यात आपन. हा ष्ण बग, वाकलाय. आता मातृकाच दुरुस्त करू."

पुढची दीड वर्षं सकाळी सातला एक अक्षर, असा नेम चालला. ते चूक दाखवत, मी दुरुस्त करून साच्यात टाकत असे. माझी दहाची वेळ सातवर कधी आली ते मलाही कळलं नाही. सगळी अक्षरं झाली, एक ळ राहिला. त्याचा उजवा पाय खालून तुटका होता. मी तो नीट करायला घेतला, तर आबांनी हात धरला.

"त्यो ऱ्हाऊ दे. कामाला लागल्यावर पयल्याच आठवड्यात माज्या हातनं पडला त्यो. मला वाटलं, आता नोकरी गेली. थोरल्या मालकांनी छाप काढून बगितला, म्हनले, वाचता येतंय ना? चालू दे." पडद्यावरच्या ळवर बोट टेकवून म्हणाले, "ळ बी ऱ्हायला, मी बी ऱ्हायलो."

त्याच वर्षी आबा कायमचे जामखेडला गेले, आणि गेल्या उन्हाळ्यात आम्हा सगळ्यांनाच सोडून गेले. मला अजून सातला पोचायच्या हिशेबानं पहाटे जाग येते आणि वाईट वाटतं.

परवा मी त्याच साच्यातून एक नवं यंत्र काढलं, नव्यानं कामाला लागलेल्या सुनीतासाठी. तिला आबांचं वाक्य टाइप करायला सांगितलं. म्हैस उमटली, ज्ञानू उमटला, काळी छत्री उमटली. सुनीता मुलगी हुशार आहे. पडद्याजवळ नाक नेऊन म्हणाली, "ताई, ह्या ळचा पाय मोडलाय. साच्यातच नीट करून टाकू का?"

"वाचता येतंय ना?" मी म्हटलं. "चालू दे."