तिसरं कडवं

आमच्या दुबईतल्या क्वायरचे सर मूळचे वसईचे, माझ्या आईच्या शेजारच्या गावातले. पेन्सिल कायम कानावर. कोणाचा सूर हलला की टेबलावर टकटक करून म्हणणार, "खलास! परत पहिल्यापासून." यंदाच्या कॉन्सर्टला त्यांनी इंग्लंडमधलं एक जुनं लोकगीत घेतलंय, कुणा मोठ्या कंपोझरने चार आवाजांत बसवलेलं. श्वाससुद्धा कागदावर छापलाय तिथेच घ्यायचा.

शनिवारी आईला प्रॅक्टिसला नेलं. चहाच्या वेळी बायकांनी आग्रह केला म्हणून तिने लग्नात विहिरीवरून पाणी आणतानाचं आमच्याकडचं गाणं म्हटलं. मी म्हटलं, "सर, हेही बसवा ना."

आईच्या तोंडावर म्हणाले, "कॉन्सर्ट आहे हा. गावची गाणी नकोत."

माझं डोकंच फिरलं. "मग हे इंग्रजी गाणं काय राजवाड्यातलं आहे? तेही कुठल्यातरी गावचंच ना?"

"यल्ला, टाइम झाला," म्हणत सरांनी कागद गोळा केले. आई खाली मान घालून चपला शोधत राहिली.

लिफ्टपाशी त्यांनी मला एकटीला गाठलं. वाटलं, सॉरी म्हणतील. तर हळूच म्हणाले, "आईला सांग, तिसरं कडवं राहिलं."

सगळं पाठ होतं मेल्याला!