अक्कानं रोज सेव्ह केलं होतं

जळगावच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. बावीस वर्षं झाली. लॅबमध्ये तीस मशीन आहेत आणि तीसही मी गोठवून ठेवलेली आहेत. गोठवणं हा आमचा लॅबवाल्यांचा शब्द. एक सॉफ्टवेअर टाकलं की मशीनची त्या क्षणाची अवस्था कायम होते. मग विद्यार्थ्यांनी दिवसभर काहीही करावं, फाइली पुसाव्यात, व्हायरस आणावेत. मशीन बंद करून चालू केलं की सगळं पुन्हा ठरवलेल्या दिवशी होतं तसं. शिवाय कपाटात एका हार्डडिस्कवर अख्ख्या मशीनची प्रत असते, इमेज म्हणतात तिला. एखादी डिस्क मेलीच, तर नवी बसवायची आणि ती प्रत तिच्यावर ओतायची. वीस मिनिटांचं काम.

हे सांगतोय कारण मी जे केलं ते अडाणीपणातून झालं नाही, हे आधी कळायला हवं.

माझी मोठी बहीण धुळ्याला असते. आम्ही नरडाण्याजवळच्या एका खेड्यातले. अक्का प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. रिटायर झाल्यावर तिनं कॉम्प्युटर घेतला आणि साठीनंतर मराठी टायपिंग शिकली. तिला एकच काम करायचं होतं. दोंडाईच्याला आमची आत्या होती, ऐंशीच्या पुढची. श्रावणात आमच्याकडे घरोघरी कानबाई देवी बसते, तेव्हा बाया जी अहिराणी गाणी म्हणतात ती आत्याला जेवढी येत होती तेवढी दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. अक्काला ती उतरवून घ्यायची होती. सकाळी दहाच्या सुमारास, आत्याचं आवरलं की, अक्का तिला फोन लावायची, फोन स्पीकरवर टाकायची आणि आत्या म्हणेल तसं टाइप करायची. आधी वहीत लिहू का, असं तिनं मला विचारलं होतं. मीच म्हणालो, दोनदा काम कशाला, थेट टाइप कर.

तोवर तिच्या मशीनचा मला वैताग आला होता. दर आठवड्याला फोन. स्क्रीनवर काहीतरी लाल आलंय. अक्षरं मोठी झालीत. एकदा तर तिनं कुठल्याशा जाहिरातीवर क्लिक केलं आणि मशीन हिंदी गाणी वाजवायला लागलं, बंदच होईना. प्रत्येक वेळी बस धरून धुळ्याला जायचं, दिवस मोडायचा. शेवटी एका रविवारी मी तिचं मशीन स्वच्छ केलं, त्याची इमेज काढली आणि लॅबसारखंच ते गोठवून टाकलं. तिला सांगितलं नाही. सांगून कळणार नाही असं वाटलं. खरं तर समजावत बसायचा कंटाळा होता.

गोठवताना तिच्या फाइलींची जागा वेगळी काढून मोकळी ठेवायची असते. लॅबमध्ये कुणाचंच काही ठेवायचं नसतं, त्यामुळे माझ्या हाताला ती सवय नव्हती. मी विसरलो. बस पकडायची होती.

हे दुसऱ्याच दिवशी उघडकीला आलं असतं. आलं नाही, कारण तिचं जुनं मशीन चालू व्हायला फार वेळ घ्यायचं, म्हणून मीच तिला पूर्वी सांगून ठेवलं होतं की बंद करत जाऊ नको, नुसतं स्लीपवर टाकून झोपवून ठेव. घरी इन्व्हर्टर होता. ती शिक्षिका, सांगितलेलं पाळणारी. जवळजवळ चार महिने ते मशीन एकदाही बंद झालं नाही आणि साठच्या वर गाणी त्यात जमा झाली.

मग एक दिवस लाइनच्या दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज गेली. इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी आटलं होतं, ते कुणी बघितलंच नव्हतं. दुपारी मशीन बंद पडलं. संध्याकाळी तिनं चालू केलं, तर मी गोठवलं त्या रविवारचा पडदा समोर.

मी लॅबमध्ये होतो. फोनवर ती म्हणाली, "भाऊ, बठ्ठं गयं रे. गाणासनी फाइलच नही शे."

सगळं गेलं, म्हणत होती ती, आणि दोन सेकंदांत मला का ते कळलं. समोर प्रॅक्टिकल चालू होतं, विद्यार्थी वाट बघत होते. मी म्हणालो, "अक्का, तू सेव्ह केलं नसशील."

ती म्हणाली, "नसेल केलं बाई."

तेवढंच. त्यानंतर ते वाक्य मागे घ्यायला मला पाच वर्षं लागली.

पुढच्या रविवारी मी धुळ्याला गेलो आणि पुसलेल्या फाइली शोधायचं एक सॉफ्टवेअर लावून बसलो. त्यात काही सापडणार नाही हे मला माहीत होतं. फाइल परत येईल म्हणून तोवर अक्कानं ते मशीन कितीदा तरी बंद-चालू केलं होतं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती. अक्कानं वरण-बट्टी केली होती, तूप वाढताना ती पट्टीकडे बघत होती. दोन तासांनी मी मान हलवली. ती म्हणाली, तुझा रविवार गेला रे माझ्या वेंधळेपणात.

निघताना तिची पाठ होती तेव्हा मी गोठवण काढून टाकली असती तर निदान पुढे ती जे लिहील ते वाचलं असतं. तीही काढली नाही. काढताना मशीन दोनदा चालू-बंद करावं लागतं, आणि ती हे काय म्हणून विचारेल याची भीती वाटली.

आत्या पुन्हा सांगायला तयार होती. तिनं स्वतः फोन केला होता, की पोरी, बस, परत पहिल्यापासून म्हणते. अक्का नाही म्हणाली. माझ्या हातून परत जाईल, म्हणाली, आणि मशीनला पुन्हा हात लावला नाही. त्या थंडीत आत्या गेली.

घरात याचा विनोद झाला. अक्कानंच पहिल्यांदा तो केला, स्वतःवर. मग लग्नाकार्यात चुलतभाऊ जेवताना विचारायचे, "अक्का, भाजीत मीठ टाकलं खरं, पण सेव्ह केलं ना?" ती हसायची. मीही हसत होतो. मला वाटायचं, चार गाण्यांचं काय, गेली तर गेली. मला एक गोष्ट दिसली नव्हती, किंवा मी बघितली नव्हती. आमच्या आईला शेवटी काही आठवत नसे. तिचं सगळं अक्कानं केलं होतं, आणि आईची सुरुवातही अशीच झाली होती: केलेलं काम केलंय की नाही हे न आठवण्यापासून.

मागच्या महिन्यात अक्काचा फोन आला, ते मशीन घेऊन जा, जागा अडते. मी सकाळच्या बसनं गेलो. मशीनवर तिनं विणलेला रुमाल होता. वायरी काढायच्या आधी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर ओट्याच्या वरच्या भिंतीवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. शाळेतल्या फळ्यावरचं असावं तसं सुबक अक्षर. गॅस बंद केला, नऊ वाजून दहा. गोळी घेतली, आठ. मागचं दार लावलं. मी विचारलं, हे कधीपासून? ती म्हणाली, गाणी गेली तेव्हापासूनच. डॉक्टरकडेही जाऊन आले. त्यांनी घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. सगळं बरोबर आलं, तर म्हणाले काही नाही तुम्हाला. "पण त्यांना काय माहीत, मी चार महिन्यांत एकदाही सेव्ह केलं नव्हतं ते."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. रविवार, गोठवणं, विसरलेली मोकळी जागा, फोनवरचं वाक्य, हिरवी पट्टी. संपल्यावर शाळा तपासणीला आलेल्या साहेबासारखे तिनं प्रश्न विचारले. मी सेव्ह दाबलं की ते कुठे जायचं? तात्पुरतं एका जागी, म्हटलं, वीज गेली की पुसायचं.

"म्हणजे मी दाबत होते."

"हो."

"रोज?"

"रोज, अक्का. नाहीतर रोज फाइल उघडल्यावर तुला आदल्या दिवशीची गाणी दिसलीच नसती."

हे शेवटचं वाक्य तेव्हाही सांगता आलं असतं. एवढा साधा पुरावा होता, आणि तो पाच वर्षं मी माझ्याजवळ ठेवला.

ती रडली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, आधी ते गोठवलेलं काढ. मी काढलं. मग तिनं खुर्ची ओढली, एक ओळ टाइप केली, सेव्ह केली आणि मला म्हणाली, भिंतीवरचं बटण बंद कर. मी म्हटलं, अक्का, असं एकदम बंद करू नये, डिस्क खराब होते. तिनं बटणाकडे बोट केलं. मी बटण बंद केलं. परत चालू व्हायला त्या मशीननं सात-आठ मिनिटं घेतली. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसून होतो. तिनं फाइल उघडली. ओळ होती: आज मी घरी आहे आणि भाऊ आला आहे.

मशीन ठेव, म्हणाली, नेऊ नको. मी निघालो तेव्हा दारात चपला घालताना पाठीमागून म्हणाली, "रोटले बठ्ठा जमतीन, तव्हय सांगजो. उभा राहीसन."

रोटांना सगळे जमतील तेव्हा उभं राहून सांग, म्हणत होती. कानबाईचे रोट, सगळ्या भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे, श्रावणात असतात. अजून सहा आठवडे आहेत. बोलताना मी गोष्टी मऊ करतो ही माझी सवय मला माहीत आहे, म्हणून आधी हे लिहून काढलं. मिठाचा विनोद कोणीतरी करेलच. तो झाला की मी उभा राहणार आहे.