चरबीतले लाल धागे

चिचगडच्या बाजारात बाबांचं मटणाचं दुकान होतं. रविवारी मी पिशव्या भरून द्यायची. कोणी "चरबी नको" म्हटलं की बाबांचं डोकं फिरायचं. चरबीचा तुकडा उजेडात धरून ते मला त्यातले केसाएवढे लाल धागे दाखवायचे. चरबी काही मेलेलं ओझं नाही, तीही रगत पिते, म्हणायचे. पण बांधून खाऊ घातलेल्या बोकडाची चरबी पांढरीफटक निघायची, धागा एखादाच. ती ते कोणाला देत नसत.

स्वतः बाबा चांगले गरगरीत. आधी तुम्हीच तराजूत बसा, असं मी चिडवलं की पोटावर थाप मारून हसायचे. तो आवाज अजून कानात आहे.

लग्नानंतर मी कुडव्याला आले आणि वर्षभरात बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. टाके उसवले. जखम भरेना, म्हणून त्यांना माझ्याकडेच आणलं. डॉक्टरांनी समजावलं, चरबी वाढते तशा तिच्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात. पण ती फारच वाढली की त्या पुऱ्या पडत नाहीत. आत रक्तच कमी, तर जखम भरणार कशी? आठवडाभर बघू, नाहीतर पुन्हा कापावं लागेल. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "बांधलेला बोकड झालो मी." आणि पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार नाही, हेही बजावलं.

पट्टी मीच बदलायची. बापाचं उघडं पोट बघायला मला लाज वाटे, त्यांना माझ्याहून जास्त. पोट आडवं येत असल्यानं त्यांना जखम दिसत नसे. छताकडे बघत रोज विचारायचे, "लाल दिसून राहिलं का?" पांढरंच होतं. खोटं सांगावंसं वाटायचं, पण या माणसापुढे चरबीबद्दल खोटं बोलायची माझी काय छाती!

सहाव्या दिवशी जखमेतला कापडी बोळा काढला आणि रक्त आलं. आता कापणारच, म्हणून मी रडायलाच लागले. बाबांनी माझ्या हातातला बोळा घेतला, खिडकीच्या उजेडात धरला.

"कायले रडून राहिली? रगत पोचलं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पुन्हा कापावं लागलं नाही.

आता बाबा नाहीत आणि पोट मलाही सुटलंय. मला कुठे खरचटून रक्त आलं की लेक घाबरते. मी मात्र रक्त टिपलेला बोळा आधी उजेडात धरून बघते.