दोन मिनिटं उभं राहून

"बसा आता. तांड्यावरचे तेवढे उभे राहा."

नववीचा वर्ग. औंढ्याकडची शाळा, नव्वदच्या दशकातली. आम्ही सगळेच उभे होतो, हिटलरच्या राजवटीत मारल्या गेलेल्या ज्यूंसाठी. सरांनी धडा शिकवला होता. आधी याद्या केल्या, मग कपड्यांवर खूण लावली, मग वेगळं काढलं, मग लेकराबाळांसकट मारलं. सांगताना सर रडले. मीही रडले. सर म्हणाले, "दोन मिनिटं उभं राहून त्यांची आठवण करू."

वेळ बघायला सरांनी मनगट उचललं. घड्याळ नव्हतं.

मग ते वाक्य.

वर्ग बसला. आम्ही बंजारा तांड्यावरच्या तिघी उभ्या. आम्हाला काही विचारलंसुद्धा नाही. मॉनिटरनं दप्तरं उपडी केली. माझ्या भाकरीचं फडकं झटकलं, भाकरी फरशीवर पडली. कुणीतरी हसलं. शरमेनं कान तापले. आणि सरांचेच शब्द डोक्यात फिरायला लागले. मग वेगळं काढलं.

मी बसले.

"काहून बसली गं? उभी राहा!"

"सगळे उभे राहिले तर राहते, सर."

हातावर पट्टीचे वळ उठले. मी उठले नाही.

घड्याळ हापशीच्या कट्ट्यावर सापडलं. सरांनी ते मनगटाला बांधलं आणि गृहपाठ सांगितला. घरी याडी, म्हणजे माझी आई, म्हणाली, "गुमान उभं राहायचं व्हतं ना! साळंतून काढलं म्हंजी?" भीती मलाही होती. तरी दुसऱ्या दिवशी गेले.

त्या मरणांची आणि माझ्या भाकरीची बरोबरी मी करत नाही. पण सुरुवात कशी होते, ते मला त्या फरशीवर कळलं. सर खोटं रडले नव्हते. त्याचाच मला आजही जास्त राग येतो.

पुढे मी शिक्षिका झाले. दोन हजार सालानंतरची गोष्ट. शाळेची पाण्याची मोटर चोरीला गेली. मुख्याध्यापक वर्गाच्या दारात आले. "मॅडम, तांड्यावरच्या पोरांची यादी द्या. पोलिसांना पाहिजे."

"न्हाई देणार."

"तुमच्यावर शेकंल."

"शेकू द्या."

यादी दिली नाही. देणारही नाही. तो धडा मीही शिकवते. मेलेल्यांसाठी कुणाला उभं करत नाही. एवढंच विचारते, शेजारच्याला एकट्याला उभं केलं तर तुम्ही काय कराल? उत्तर आल्याशिवाय मी पुढचं पान उलटत नाही.