टोक्टोसुनबाबांचं जाकीट

आमच्या नारिन खोऱ्यात खोगीर शिवावं ते टोक्टोसुनबाबांनीच. त्यांची मुलगी जिपारा नर्स आहे. डोंगरातल्या कुरणांवरच्या मेंढपाळांना लस टोचायला मोटारसायकलवरून जाते. बाजारातलं जाकीट तिला आरशात झकास दिसायचं, पण गाडीवर वाकली की पाठ उघडी पडायची. म्हणून बाबांनीच चामड्याचं जाकीट शिवलं, कोपरांना दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा लावून. माप मात्र पोरीला घोड्यावर बसवून घेतलं. माप घ्यायची दुसरी रीत त्यांना ठाऊकच नाही.

ते घालून ती उभी राहिली, तर बाह्या बोटांपर्यंत आणि पाठीला पोक.

मी म्हणालो, "बाबा, पोरीला कुबड शिवून दिलंत."

"पोरगी गाडीवर बसणार आहे. उभं राहायला तू आहेस की."

गाडीवर मात्र ते कातडीसारखं बसलं. गेल्या आठवड्यात खडीच्या वळणावर ती गाडीसकट घसरली, उठली आणि वर जाऊन लस टोचूनच परतली. बाही फाटली होती, तिचं कोपर शाबूत होतं.

बाबांनी फाटक्या बाहीत बोट घालून ते चाचपलं. "नमदा आणखी जाड हवा होता," ते पुटपुटले. मग ती बाही गावातल्या प्रत्येक दारात दाखवून आले.